एजंटाची स्वतःची फाईल

साकोलीत मी विम्याचा एजंट झालो तेव्हा गिऱ्हाइकाचं वय मीच ठरवायचो. कोणी सांगायचं, तलाव फुटला त्या साली झालो. मी त्याच्या मिशा बघून आकडा टाकायचो. घरच्यांच्या माहितीत सगळे ठणठणीत लिहायचो. बारा वर्षं कोणी हूं की चूं केलं नाही.

ऐंशी सालानंतर नवा फॉर्म आला. वयाचा दाखला हवा. भाऊबहीण जिवंत किती, मेले किती, कशाने, हे विचारून लिहिल्याची एजंटाची सहीसुद्धा हवी. वर शाखेचा हुकूम, की आधी प्रत्येक एजंटाने स्वतःची फाईल पुरी करावी, नाहीतर लायसन्स बंद. माझं घर त्या लायसन्सवर चालायचं, पण मला कसली काळजी? शाळेचा दाखला होताच. जोडीला कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल काढायला मी ऐटीत तहसीलला गेलो.

तिथल्या कारकुनांनी वही उघडली. वडिलांचं नाव, मुलगा, तारीख, सगळं शाळेशी जुळलं. सहज पुढची पानं उलटताना ते थांबले. वडिलांचं नाव पुन्हा होतं. मुलगा, वय दोन, तापाने मयत. तुम्ही भाऊ किती, त्यांनी विचारलं. एकटाच, मी म्हणालो.

"मंग हा कोन मेला?"

मिळेल त्या बसने आमचं गाव दिघोरी गाठलं. आई अंगणात धान वाळवत होती. विचारलं, तर तिने हातही थांबवला नाही.

"तो तुह्या आंधी झालता. तो गेला अन् वर्षभरानं तू झाला, मामाच्या गावी. धानाच्या भर रोवनीत तुह्यी नोंद कराले कोनाले फुरसत होती? मास्तरनं जन्माचा कागद मांगला. घरात त्याचाच होता, तोच देल्ला."

नावही त्याचंच ठेवलं होतं. म्हणजे मी कागदावर होतो त्याहून तीन वर्षांनी लहान, आणि सरकारच्या एकाही वहीत नव्हतो. मला रागच आला. इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाही!

"माय, काहून सांगतलं नाही मले?"

आता तिचा हात थांबला. "तुले हाक मारली का त्याले बी मारल्यावानी वाटे, बाबू. सांगतलं असतं त तो मेला असता."

मी पिशवीतून फॉर्म काढला आणि तिच्याशेजारी बसूनच भरला. वय खरं लिहिलं, पुराव्यापुढे 'नाही' लिहिलं. मयत भावाच्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं. ते माझंच नाव होतं. खाली सही केली, विचारून लिहिले.

पंधरा दिवसांत फॉर्म परत आला. लाल पेन्सिलीने शेरा होता: अर्जदाराने मयतात स्वतःचेच नाव लिहिले आहे, चूक दुरुस्त करावी. बारा वर्षांत मी खरा भरलेला तो पहिला फॉर्म, आणि परत आलेलाही तोच पहिला.