माझ्या सासूबाईंची शिकवणी

‘होणार नाही’ एवढं सोडलं तर माझ्या सासूबाईंना जगातलं सगळं ऐकू येतं. गुजरातेतल्या बमरोलीत आमच्या घराभोवती दिवसभर यंत्रमाग खडखडत असतात, शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. पण गल्लीच्या टोकाला कोणी त्यांच्याविषयी कुजबुजलं, तर त्या स्वयंपाकघरातून उत्तर देतात.

मला लकवा झाला तेव्हा त्या नंदुरबारहून आल्या. माझी उजवी बाजू लुळी पडली होती, जीभ जड झाली होती. बायको शाळेत शिकवते. तिला घरी बसणं परवडणारं नव्हतं आणि मला रोज दवाखान्यात नेणंही. म्हणून घरी सोडताना सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाई आम्हाला व्यायाम शिकवू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “थांब व पोरी. पहिले मना हात वळ!” आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर सरळ आडव्या झाल्या. कुठे ताण बसतो, कुठे दुखतं, हे स्वतःच्या अंगावर करून घेतल्याशिवाय त्यांनी मला घरी नेऊ दिलं नाही.

घरी त्यांची शिकवणी सुरू झाली. जुन्या लुगड्याची घडी माझ्या कमरेला बांधून, मागून ती घट्ट धरून त्या मला घरापुढच्या ओट्यावर चालवत. माझ्या तोंडून तेव्हा एकच शब्द निघे, ‘चहा’. पाणी हवं असलं तरी चहा, पंखा बंद करायचा असला तरी चहा. बायको बिचारी अंदाजाने ओळखायची. सासूबाईंनी तिला सक्त मनाई केली आणि मी ‘चहा’ म्हटलं की खरोखरच चहा आणून ठेवू लागल्या. चहा पिऊन पिऊन मी इतका कावलो की एका दुपारी तोंडातून ‘पाणी’ सुटलं! सासूबाईंना गुजराती येत नाही, पण गुजराती शेजाऱ्यांना कळावं म्हणून त्या दारात धावल्या आणि जमेल तशा त्यांच्याच भाषेत ओरडल्या, “जमाई बोल्या! जमाई बोल्या!”

सगळेच दिवस असे नव्हते. एकदा उजव्या हाताने घास उचलता उचलता माझा धीर सुटला. आता आपण असेच राहणार, असं वाटलं आणि डाव्या हाताने मी ताट भिरकावलं. भात भिंतीपर्यंत उडाला. बायको रडू लागली. सासूबाईंनी शांतपणे भात गोळा केला, ताट विसळलं आणि माझ्या उजव्या हातात दिलं. “डावा हात चांगला शे. आते उजवाघाई फेका.”

मी सगळा जोर लावला. मिटलेली बोटं हळूहळू उघडली आणि ताट माझ्याच पायाशी खणकन पडलं. त्या आवाजाला आम्ही तिघंही हसलो. आजारपणानंतर आमच्या घरातलं ते पहिलं हसू.

पुढे एक दिवस मी काठी टेकत एकटा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन दूध घेऊन आलो. दारात सासूबाई उभ्या होत्या. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्यांनी डोक्यावर पदर ओढला, नजर खाली वळवली आणि आतल्या बायकोला म्हणाल्या, “जवाईबापूले इचार, जेवाले वाढू का?”

आमच्याकडे सासू जावयाशी अशीच, लेकीमार्फत बोलते; आजारपणात त्यांनी ती रीत बाजूला ठेवली होती. त्यांच्या लेखी मी आता पेशंट उरलो नव्हतो, पुन्हा जावई झालो होतो. मग मीही बायकोलाच म्हणालो, वाढा म्हणावं. त्या नंदुरबारला परतल्या. आता फोनवर लेकीमार्फत माझी खुशाली विचारतात, आणि मी लेकीमार्फतच सांगतो, बरा आहे म्हणून.