जेवणानंतर झोपणारा कीबोर्ड

चाकणच्या एका कंपनीत मी कंत्राटावर कॉम्प्युटर सांभाळायचो. सांभाळायचो म्हणजे काय, तर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि शिफ्ट सुटायच्या आत त्या सिस्टीममध्ये बंद करायच्या. तक्रार सुटली का, हे कुणी विचारत नसे. बंद झाली का, एवढंच. पिंपळे गुरवची बस पाचला निघायची आणि ती चुकली की बोंबला.

डिस्पॅचच्या टेबलावर एक काकू बसायच्या. मूळच्या चिखली गावातल्या. वर्षानुवर्षं पॅकिंगला उभं राहून गुडघे गेले, म्हणून पन्नाशीत टायपिंग शिकून त्यांनी ती खुर्ची मिळवली होती. तिचं कोण कौतुक त्यांना! पाठीला घरून आणलेली उशी, आणि संध्याकाळी जाताना कीबोर्डवर रुमाल झाकून जायच्या.

गाडीत कुठला माल भरायचा त्याचा नंबर त्या टाकायच्या. आमचा माल म्हणजे लोखंडी ब्रॅकेट, डावे आणि उजवे. नंबर एकच, फक्त उजव्याच्या शेवटी 'आर'. आर पडला नाही की गोडाऊनमधून डावा माल निघायचा.

एके दिवशी त्यांनी मला बोलावलं. "आरं बाबा, दुपारी जेवून आलं की ह्यो किबोर्ड झोपतोय बघ. दाबलेलं उमटत न्हाई. सकाळी न्हाई आसं करत."

मी म्हणालो, "काकू, जेवल्यावर झोप कीबोर्डला नाही, तुम्हाला येते."

सगळं ऑफिस हसलं. काकूही हसल्या. मला वाटलं, काय बोललो राव आपण! कीबोर्ड बिनवायरचा, त्याचे सेल बदलले आणि तक्रार 'वापरणाऱ्याची चूक' म्हणून बंद केली. ते लिहिलं की कुणाची सही लागत नाही, झटक्यात बंद होते. पुढे आणखी दोनदा त्यांनी तेच सांगितलं. मी दोनदा तेच लिहिलं.

मग एका दुपारी गाडीभर डावे ब्रॅकेट उजव्यांच्या जागी गेले. कस्टमरच्या कारखान्यातली लाइन थांबली, फोनवर फोन. मॅनेजरनी जुन्या तक्रारी उघडल्या, त्यात माझं तीनदा लिहिलेलं. काकू सांगत होत्या, "साहेब, मी आर दाबला व्हता." मॅनेजर म्हणाले, "आता झोपा उभ्यानं काढा." माझाच विनोद होता तो. मी तिथेच उभा होतो आणि बूट बघत होतो.

कस्टमरला रिपोर्ट गेला. कारण, ऑपरेटरची चूक. उपाय, ऑपरेटर बदलला. काकू उशी काखेत मारून पॅकिंगला गेल्या. तिथे बसायला स्टूलसुद्धा नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या जागी आलेली मुलगी म्हणाली, "सर, जेवून आल्यावर अक्षरं उमटत नाहीत."

मी स्वतः बसलो. आर दाबला, नाही. पुन्हा दाबला, नाही. तिसऱ्यांदा दाबला तर दोन उमटले. वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. कीबोर्डचा नखाएवढा रिसीव्हर, आणि त्याला खेटून बॅकअपची डिस्क, दिवा लुकलुकतोय. डिस्क काढली, आर आला. लावली, गेला. अशी डिस्क चालू असली की शेजारच्या रिसीव्हरला काही ऐकू येत नाही, हे मी कोर्समध्ये शिकलेलो. ती डिस्क मीच लावली होती. जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं असतं म्हणून दीडची वेळही मीच ठरवली होती, आणि बॅकअप चालायचा तीनपर्यंत. च्यायला, एकदा वाकलो असतो तर!

मॅनेजरकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "रिपोर्ट गेलाय राव. फिरवायचा तर सगळं नव्यानं लिहावं लागेल. डिस्क कुणी लावली, तक्रार तीनदा कुणी बंद केली. लिहितोस?"

पुढच्या महिन्यात माझं कंत्राट संपत होतं. "बघतो सर," म्हणालो.

हातभर वायर लावून मी रिसीव्हर टेबलावर आणला. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर महिनाभर एकही नंबर चुकला नाही आणि रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात 'उपाय परिणामकारक' असं चढलं. माझ्या वायरीनं काकूंचाच दोष पक्का केला. माझं कंत्राटही वाढलं.

काकू एकदा कॅन्टीनमध्ये भेटल्या. टेबलाला धरून हळूहळू बसल्या.

"नवी पोरगी नीट करती का रं काम?"

"हो काकू."

"किबोर्ड त्योच हाय?"

"तोच."

त्यांनी जरा विचार केला. "मंग माझंच चुकत आसणार, बाबा. मी उगाच तुझ्या नावानं बोटं मोडली. मनात धरू नगंस."

मी म्हणालो, "नाही धरत, काकू."