खालच्या आळीची फ्लॉपी

गेल्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळचे दहा. मुरुम गावातलं वसंत सरांचं घर. हजर: सरांच्या पत्नी निर्मलाकाकू, त्यांची मुलगी मंजू आणि मी. सरांना जाऊन तीन आठवडे झाले होते. टेबलावर त्यांचा जुना घरगुती कॉम्प्युटर, त्याला जोडलेला छोटा टीव्ही, बुटाच्या खोक्याएवढा ड्राइव्ह आणि एकोणीस फ्लॉप्या. सरांनी जमवलेली सास्तूर गावातल्या घरांची यादी मशीन कायमचं बंद पडायच्या आत कागदावर यावी, एवढंच काकूंना हवं होतं. याद्या करण्याची खोड मला पहिल्यापासून. म्हणून मला बोलावलं.

सर गणिताचे शिक्षक, मी त्याच शाळेत लिपिक. सास्तूर हे त्यांचं आजोळ. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्यानं उभं राहिलं, तेव्हा सरांनी मनावर घेतलं, की जुन्या गावात कोणाच्या शेजारी कोणाचं घर होतं ते लिहून ठेवायचं. रविवारी एसटीनं सास्तूर, सोमवारी शाळा सुटल्यावर टायपिंग. अक्षरं इंग्रजी, मजकूर मराठी. कॉम्प्युटर शिकायला म्हणून मीही जायची. कोरी फ्लॉपी वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागे; त्यात आधीचं काही असलं तर पुसलं जाई. ड्राइव्ह आधी खडखडे, मग बराच वेळ घरघरत राही. सर हात वर करून म्हणत, ‘‘जमीन सारवायलीय. पाय ठेवू नका कुणी!’’

फ्लॉप्या मिळायच्या मुश्किलीनं. म्हणून सर पंचनं कडेला आणखी एक खाच पाडत. मग फ्लॉपी उलटी घालून पाठीवरही लिहिता येई. चिठ्ठी मात्र पुढच्याच बाजूला. एका सोमवारी मी भराभर कामं उरकत होते. चिठ्ठीवर पेन्सिलीनं ‘रिकामी’ लिहिलेलं पाहिलं, फ्लॉपी आत सरकवली आणि फॉरमॅट केली.

‘‘मॅडम, कोणच्या बाजूनं घातली?’’

‘‘सर, रिकामी लिहिलंय की...’’

‘‘तोंडाकडून रिकामी. तुम्ही घातली उलटी. पाठीवर खालची आळी होती.’’

‘‘गेली?’’

‘‘गेली. आमचं आजोळ दोनदा पडलं म्हणायचं!’’ आणि तेच हसले. माझ्या डोळ्यांत पाणी पाहून म्हणाले, ‘‘आता रडून काय उपेग? रविवारी काय काम हाय तुम्हाला?’’

पाच रविवार आम्ही दोघं खालच्या आळीतल्या माणसांना पुन्हा विचारत फिरलो. पुरुष नावं सांगत. बायका म्हणत, ‘‘व्हय, आमच्या उंबऱ्यातनं त्यांची म्हैस दिसायची.’’ सर खूश. ‘‘पहिल्या यादीत नुसती माणसं होती मॅडम, आता म्हशीबी आल्या.’’ शेवटी एकदा म्हणाले, ‘‘झाली यादी.’’ मी माझ्या वहीत त्या कामापुढं बरोबरची खूण केली आणि निर्धास्त झाले...

गेल्या महिन्यातल्या त्या रविवारी मंजूनं बटण दाबलं. ड्राइव्ह खडखडला. काकू चहा घेऊन दारातच थांबल्या. ‘‘लई बरं वाटलं बगा. घरात हैत म्हणायचं.’’ पडद्यावर ओळी येत गेल्या. मंजू फोटो काढी, मी वहीत उतरवी. सगळ्या आळ्या निघाल्या. शेवटी खालची. उजवी बाजू, पाच, सहा. सातव्या घरासमोर नाव नव्हतं. सरांनी टाइप केलं होतं: विचारायचे आहे.

‘‘काकू, हे कोरं कसं?’’

काकूंनी कप खाली ठेवला. ‘‘ते पहिल्या खेपेला एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं होतं. तुम्ही दुसऱ्यांदा गेलात, तवर ते बाबा न्हाई राहिले. ह्यांनाबी नाव आठवंना.’’

‘‘आणि मला म्हणाले, झाली यादी?’’

‘‘मला दम दिला होता. म्हणले, मॅडमला बोलायचं न्हाई. ती बाई रोज वहीत लिहील ते.’’

मंजू फिसकन हसली, मग आम्ही दोघीही. इतकी वर्षं माझ्या वाटणीचं काम सरांनी स्वतःकडं ठेवलं होतं.

आता यादी छापून झाली आहे. एक प्रत काकूंकडं, एक मंजूकडं, एक माझ्याकडं. सास्तूरला मी दोनदा जाऊन आले. चहा भरपूर झाला, नाव मिळालं नाही. हे वाचणाऱ्यांत खालच्या आळीचं कोणी असेल तर कळवा: जुनं गाव, उजव्या हाताचं सातवं घर, समोर आड. तिथं कोण राहत होतं, ते अजून विचारायचं आहे.