रेकॉर्डमधलं टक्

कॉव्हेंट्रीजवळ रेकॉर्डच्या कारखान्यात मी तपासणीला होते. साच्यातून निघालेल्या मालातल्या काही रेकॉर्ड वाजवून ऐकायच्या, एवढंच काम. एकदा एका जुन्या रॉक बँडचा नवा अल्बम आला. गाणी मला आवडली नाहीत, पण आवाज इतका स्वच्छ धरला होता की गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. दुसऱ्या दिवशी एका शांत जागी मला बारीक 'टक्' ऐकू आलं. मी सुपरवायझरला मशीन थांबवायला सांगितलं.

"लव्ह, तो ड्रम आहे. तुला रॉकमधलं काय कळतं?" तो म्हणाला. कारखान्यातल्या सगळ्याच बायकांना तो 'लव्ह' म्हणायचा. बाकीच्या बायका हसल्या.

"ड्रम आहे, तर काल कुठे गेला होता? माझं चुकलं तर उद्यापासून येणार नाही."

कालची रेकॉर्ड लावली, टक् नव्हतं. आजच्या पाच लावल्या, पाचहींत त्याच जागी टक् वाजलं. साचा उतरवला तर त्यावर केसाएवढा ओरखडा. दिवसाचा सगळा माल बाद झाला.

नवा साचा बसल्यावर पहिली रेकॉर्ड घेऊन सुपरवायझर स्वतः माझ्या टेबलाशी आला.

"ठीक आहे ना?"

दोन्ही बाजू संपेपर्यंत मी त्याला उभं ठेवलं.