आबांच्या गालावरची रेघ

नात शब्दकोश वाचत होती, “आजी, ‘लाइन’ म्हणजे मुळात जवसाच्या सुताचा दोरा.” त्याच दोऱ्याची पुढे रांग झाली, रूळ झाले, आम्ही राहायचो ती रेल्वेची चाळही ‘लाइन’च झाली! सुई ओवायला मी एक डोळा मिटला आणि थेट लहानपणीच्या खंडाळ्याच्या घाटात पोचले.

उन्हाने रूळ वाकला होता, मेल यायची होती. रुळांच्या दुरुस्तीवर मुकादम असलेले माझे आबा, पापड भाजेल अशा त्या रुळाला गाल टेकून, एका डोळ्याने पाहत पहारवाल्या गड्यांना ओरडले, “रेटा! लाइन न्हाई आली अजून!”

भाकरी घेऊन आलेली आई कळवळली, “अवो, गाल भाजंल!”

“भाजू दे. न्हाईतर मेल पडंल तितं!”

मेल सुखरूप गेली. आई आबांच्या गालावरच्या लाल रेघेला लोणी लावत होती, मी हसत होते. आता हसू येत नाही. रेघ मात्र, शपथेवर सांगते, सुतासारखी सरळ होती.