दयाराम हवालदाराची दोन भाषणं

दयाराम गेल्याची बातमी मला कोर्टात कळली. भंडाऱ्याच्या बाररूममध्ये अकराच्या सुमारास मी एका वाटणीच्या दाव्याचे कागद चाळत बसलो होतो, तेवढ्यात त्याचा पुतण्या नामदेव दारात येऊन उभा राहिला. नामदेव जवाहरनगरच्या फॅक्टरीत कामाला. अंगावर ड्यूटीचेच कपडे होते. आत ये म्हटलं तर आला नाही. दारातूनच म्हणाला, "काका गेले सकाळी. घरचे म्हणत होते, वकीलसाहेबाले सांगाची काही गरज नाही. पण मले राहवलं नाही." मी "बरं" म्हणालो... बरं! चाळीस वर्षांच्या सोबत्याच्या मरणावर मला एवढाच शब्द सुचला. मग पुकारा झाला. मी उठलो आणि वीस मिनिटं व्यवस्थित युक्तिवाद केला. पुढची तारीख मिळाली. त्यानंतर कोट काढून हातावर घेतला आणि बसस्टँडकडे चालू लागलो.

कोंढ्याला, आमच्या गावी, पोचलो तेव्हा चिता पेटलेली होती. लोकांनी मला वाट करून दिली. परत निघताना त्याच्या घरी गेलो. दयारामची बायको, शेवंतावहिनी, भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "आलात, बरं झालं. तुमच्याबद्दल ते काई बोलत नव्हते, भाऊजी. वाईट बी नाही अन् चांगलं बी नाही." मला वाटतं, तिनं ते मला धीर देण्यासाठी सांगितलं असावं.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. मधल्या काळात गावात शोकसभा झाली. तिचे अध्यक्ष अण्णासाहेब, आमच्या भागातले पक्षाचे पुढारी, होते. दयाराम ज्यांच्याविरुद्ध आयुष्यभर बोलला ते हेच अण्णासाहेब. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि "एक निर्भीड, स्पष्टवक्ता सैनिक आपण गमावला" असं म्हणाले. जिवंत होता तेव्हा त्याच माणसाला ते तोंडाळ म्हणत. मीही बोललो. माझं भाषण चांगलं झालं असं लोक म्हणाले, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहा, असा निरोप त्यामुळेच आला. तिथं जे बोललो ते इथं पुन्हा लिहिणार नाही. तिथं जे बोललो नाही, ते लिहितो.

दयाराम आणि मी एकाच आळीतले. त्याच्या बापाची चार बांध्या धानाची शेती, म्हणजे बांध घातलेले चार तुकडे, माझ्या बापाचीही जवळपास तेवढीच. शाळेत एका बाकावर बसलो. मॅट्रिकनंतर तो भरतीला गेला आणि मी नागपूरला वकिली शिकायला. तो सुटीवर यायचा तेव्हा आम्ही तलावाच्या पाळीवर जाऊन बसायचो. एकाहत्तरची लढाई तो पूर्वेच्या आघाडीवर लढला, डावा कान गमावून आला आणि काही वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शनीत निघाला. समोरच्याचं बोलणं ऐकताना तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. नवख्या माणसाला वाटे, हा आपल्याकडे पाहत नाही, याला किंमत नाही. मतं मागायला फिरताना मी किती वेळा सांगितलं, की लोकांकडे तोंड करून ऐकत जा. तो म्हणायचा, "मंग ऐकू कसं येईल?"

तो परत आला तेव्हा तलाव अर्धा उरला होता. मालगुजारीच्या काळातला मोठा तलाव, त्याच्या पाण्यावर शेवटच्या बांधीपर्यंत धानाची रोवणी व्हायची. अण्णासाहेबांनी एका बाजूनं त्याच्या पोटात शेती घातली, त्यांचं पाहून इतरांनीही थोडी थोडी घातली. नहराच्या, तलावाच्या कालव्याच्या, शेवटी ज्यांची शेतं होती, त्यांच्यापर्यंत पाणी पोचेना. ती माणसं बोलत नव्हती, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलं अण्णासाहेबांच्या शिफारशीनं कुठं ना कुठं चिकटलेली. दयारामनं ग्रामसभेत विचारलं. तहसीलदाराकडे अर्ज केले. मी गावाच्या वतीनं दावा लावला. त्या वेळी मी तरुण वकील होतो आणि मलाही बोलायची हौस होती. भंडाऱ्यात आम्हा दोघांना लोक जोडीनंच ओळखायचे, एक वर्दीतला आणि एक काळ्या कोटातला, दोघंही भांडखोर.

आणीबाणी उठल्यानंतर जिल्हा परिषदेची निवडणूक आली आणि तो अपक्ष उभा राहिला. मी त्याचा निवडणूक प्रतिनिधी. एक जीप भाड्यानं घेतली होती, बाकी सगळं सायकलवर. हवा चांगली होती, खोटं कशाला सांगू, आम्ही निवडून येत होतो. मग बाजाराच्या दिवशी कोंढ्यात त्याचं भाषण झालं. अण्णासाहेबांनी तलाव गिळला, एवढंच बोलायचं असं आमचं ठरलं होतं. तेवढं तो बोलला, टाळ्या पडल्या. मग थांबला आणि म्हणाला, "तुमी टाळ्या वाजवून राहिले. पण माझ्या सख्ख्या काकानं बी त्याच तलावात पाऊण एकर काढला हाय. अन् इथं पुढं बसले ते पाच घरवाले... नावं मी घेतो, बुरं वाटू देऊ नोका." त्यानं नावं घेतली, एकेक करून पाचही. "निवडून आलो तं पहिली मोजणी माझ्या काकाच्या धुऱ्यापासून." टाळ्या बंद झाल्या. पुढच्या रांगेतली माणसं उठून बाजारात मिसळली.

मी जीपमध्ये त्याच्यावर ओरडलो. "हे कायले बोललास? तुले काय गरज होती?"

"खरं हाय म्हणून," तो म्हणाला.

"निवडून आल्यावर बोलला असता."

"तवा तं मी अण्णासाहेबच झालो असतो," तो म्हणाला, आणि वर हसला.

थोडक्या मतांनी पडला. ती पाच घरं आणि त्यांचे सोयरे, नेमकी तेवढीच मतं होती ती. काकानं त्याच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत.

निकालानंतर आठ-दहा दिवसांनी, भर दुपारी, आम्ही पाळीवर बसलो होतो. मी पुन्हा तेच उकरून काढलं, की तू असा का आहेस. तेव्हा त्यानं ते सांगितलं. लढाईतलं. त्याच्या तुकडीतला मोतीराम नावाचा राजस्थानचा शिपाई धानाच्या शेतात गोळी लागून पडला होता. दयाराम वीस पावलांवर धुऱ्याआड, शेताच्या बांधाआड. "आपल्यासारखंच धान होतं, भास्कर. तसाच धुरा. तो मले नाव घेऊन हाका मारून राहिला होता. समोरून गोळ्या चालू होत्या, पण मधी मधी थांबत होत्या. जाता आलं असतं. मी गेलो नाही... सगळी दुपार तो हाका मारत होता. संध्याकाळी बंद झाला." नंतर विचारणा झाली तेव्हा त्यानं सांगितलं होतं, मला काही ऐकू आलं नाही. कान त्याच दिवशी गेला होता, त्यामुळे ते खपून गेलं. "तवापासून ठरवलं, कोणी हाक मारली तं 'ऐकू नाही आलं' म्हणाचं नाही. अन् खोटं बोलाचं नाही. दुसरं काही नाही, भाऊ. एवढंच हाय." वहिनीलाही त्यानं हे सांगितलं नव्हतं.

पुढची पाच-सहा वर्षं तलावाचा दावा चालत राहिला. माझी वकिली वाढली. भंडाऱ्यात घर बांधलं. मग ऐंशीनंतरच्या एका विधानसभेच्या आधी अण्णासाहेबांचं बोलावणं आलं. पक्षाला शिकलेला, बोलणारा माणूस हवा होता. मी दोन दिवस विचार केल्याचं सोंग केलं. मनाशी म्हटलं, आत गेल्याशिवाय तलाव सुटणार नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा घोकलं की ते मला खरं वाटायला लागलं. दयारामला सांगायला कोंढ्याला गेलो. तो बैलाला चारा टाकत होता. सगळं ऐकून घेतलं, उजवा कान माझ्याकडे करून.

"दाव्याचं काय?" त्यानं विचारलं.

"निवडून आल्यावर पाहू. आता लगेच ते काढलं तर तिकीट..."

"समजलं." चाऱ्याची पेंडी सोडून तो उभा राहिला. "मंग मले उभं राहावं लागते."

"माझ्याविरुद्ध?"

"तुह्या नाही. पण तू तिथं उभा हायेस, त्याले मी काय करू?"

प्रचार सुरू झाला. पवनीच्या बाजारात, वाड्यावस्त्यांवर तो सायकलनं फिरे आणि रोज अण्णासाहेबांचं नाव घेऊन बोले. माझं नाव मात्र त्यानं एकदाही घेतलं नाही. एका दुपारी अण्णासाहेबांच्या घरी जेवण होतं. मासळीचा रस्सा होता, मला आठवतं. अण्णासाहेब सहज म्हणाले, "तुमचा हवालदार लय बोलून राहिला. त्याचं काई नाही का? माणसाचं काईतरी असतेच." मी घास गिळला आणि मोतीरामचं सांगितलं. दोन पेग घेतले होते असं म्हणायची सोय नाही, पाणी पीत होतो. कोणी दडपणही आणलं नाही. त्यांना खूश करावंसं वाटलं, इतकंच. सांगून झाल्यावर मी पुन्हा भात मागितला.

तीन दिवसांत ते सगळ्या गावांत पोचलं. रस्त्याकडेच्या भिंतींवर चुन्यानं 'पळपुटा हवालदार' अशी अक्षरं उमटली. कोणी सांगे, त्यानं मित्राला मारलं. कोणी सांगे, त्याला फौजेतून हाकललं होतं. मी एका सभेत जरी म्हटलं असतं की हे असं नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखतो, तर पुरलं असतं. मी म्हटलं नाही.

प्रचार संपायला एक दिवस होता. कोंढ्याच्या शाळेच्या पटांगणात माझी सभा होती, सकाळी. मी बोलून खाली बसलो तेव्हा मागून दयाराम पुढे आला. छातीला पदकं लावली नव्हती, साधा सदरा. पटांगणाच्या मधोमध थांबून म्हणाला, "मले दोन मिंट पायजे." अण्णासाहेबांनी माइक द्यायला नकार दिला. तो माइकशिवायच बोलला. मोतीरामचं नाव घेतलं, धानाचं शेत सांगितलं, वीस पावलं सांगितली. "मी पळालो नाही. पण उठलो बी नाही. तो हाका मारत होता अन् मी पडून राहिलो. विचारलं तवा खोटं बोललो. हे खरं हाय. भिंतीवर लिहिलं ते नाही." पटांगण एकदम शांत झालं. मला वाटलं, जिंकला हा... आणि मग मागून कोणीतरी शिट्टी मारली. एक हसला, मग बरेच हसले. नहराच्या शेवटच्या शेतांवरची माणसंही हसत होती, ज्यांच्या पाण्यासाठी तो दहा वर्षं भांडला.

हसणं ओसरल्यावर एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग हे बाहेर कसं आलं, बापू? कोणं सांगतलं?"

मी मंचावर होतो, त्याच्यापासून वीस पावलांवर. दयारामनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "माझ्याच तोंडून आलं." आणि सायकल घेऊन निघून गेला.

आम्ही दोघंही पडलो. तिसराच निवडून आला. दयारामची अनामत जप्त झाली, माझी वाचली. तलावाच्या दाव्याच्या एका तारखेला, त्याच धामधुमीत, मी कोर्टात हजर राहिलो नव्हतो. गैरहजेरीमुळे दावा खारीज झाला. पुन्हा उभा करण्याची मुदत होती तेवढ्यात मी अर्ज दिला नाही. दयारामनं कधी विचारलं नाही. तो माझ्याशी पूर्ण बोलायचा बंद झाला असंही नाही. बसस्टँडवर दिसला की "ठीक?" विचारायचा, मी "ठीक" म्हणायचो. पाचेक वर्षं हे एका शब्दाचं बोलणं चाललं.

पडल्यानंतर तो पुन्हा कुठल्या निवडणुकीला उभा राहिला नाही. घराच्या ओसरीत एक टेबल टाकून माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे पेन्शनचे अर्ज लिहून द्यायला लागला. रविवारी सकाळी. दूरदूरची माणसं यायची. हे मला इतरांकडून कळत होतं, मी पाहिलेलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी तिथं गेलो. वहिनीला भेटायचं होतं, निदान तसं मनाशी ठरवलं होतं. ती शेतावर गेली होती. टेबल जागेवर होतं, त्यावर बॉलपेन, फुलस्केपची गड्डी आणि कार्बन. ओसरीच्या कडेला तिघंजण बसले होते. दोघांना तो गेल्याचं माहीत होतं, तरी आले होते. रविवार होता म्हणून आलो, म्हणाले. तिसरी एक म्हातारी, करडीहून दोन बस बदलून आलेली, तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं. पिशवीतून काढलेले कागद तिनं मांडीवर ठेवले. मग पदरानं डोळे पुसले.

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, "आजी, मी वकील आहे. द्या कागद, लिहून देतो."

तिनं मला नीट पाहिलं. "तुमी त्याईचे कोन?"

मित्र, असं सांगता आलं असतं. शोकसभेत सांगितलंच होतं. इथं ओसरीत ते तोंडातून निघेना. म्हटलं, "मी त्यांच्याविरुद्ध उभा होतो. इलेक्शनला."

तिनं कागद परत पिशवीत घातले नाहीत. माझ्या हातातही दिले नाहीत. मांडीवर दोन्ही हातांनी दाबून धरून ती बसून राहिली, आणि मीही.