सोललेला लसूण

काकूंच्या घरी फोडणीत लसूण टाकताना माझा हात अजून थबकतो. काकू काही विचारत नाहीत. त्यांना माहीत आहे.

काकू म्हणजे मारतहळ्ळीला मी ज्यांच्याकडे पोळी-भाजी करते त्या. मूळच्या पुण्याच्या, सरकारी संशोधन संस्थेतून रिटायर झालेल्या. माझी शाळा आठवीत सुटली, लग्न झालं आणि सोलापूरकडून मी इथं कानडी मुलखात येऊन पडले. नवरा होसकोटेला कंपनीत. या गावात मला ‘जेवलीस का गं?’ असं मराठीत विचारणारं पहिलं माणूस म्हणजे काकू. कॅमेराही त्यांनीच हातात दिला. इथल्या मराठी मंडळातली पाच-सहा माणसं दर रविवारी फोटो काढत शहरात हिंडतात, त्यात त्या मला नेतात. ‘गुडघे माझे गेले, डोळे तुझे चांगले आहेत,’ म्हणतात. कॅमेरा पडेल, बिघडेल या धास्तीनं मी त्याचा पट्टा मनगटाला गुंडाळूनच चालते.

त्या रविवारी आम्ही इथल्या शिवाजीनगरला होतो. गाड्यांचे जुने पार्ट विकणारे, अत्तरवाले, चर्चमधून निघालेल्या बायका आणि त्यांच्या केसांतले गजरे, सगळं एकमेकांना खेटून. काकू चहाला टेकल्या, मी पुढं गेले. एका बिर्याणीच्या हॉटेलमागं एक बाई लसूण सोलत बसली होती. पाठीमागून ऊन, पंख्याच्या वाऱ्यानं उडणारी सालं आणि मधोमध ती, डोक्यावर पदर. विचारलं की चेहरा बदलतो, असं काकू सांगतात. म्हणून मी विचारलं नाही.

‘फोटो काढूलीस काय गं?’

बेळगावकडची मराठी. रस्त्यात आपली भाषा ऐकून मी हसलेच. ती हसली नाही.

‘पूस तो. पाया पडते तुझ्या. पोरीला बेळगावात दिलंय. सासरी मी मेस चालवते म्हणून सांगितलंय. हे असं बघितलं तर तिची सासू तिला जगू देईल काय?’

मी तिथल्या तिथं डिलीट केला. स्क्रीन तिच्यापुढं धरली, बघा, गेला. तिनं वाकून नीट बघितलं, ‘सरी’, ठीक, असं कानडीत म्हणाली, आणि मूठभर सोललेला लसूण कागदात बांधून माझ्या हातात दिला. ‘घे. तेवढीच तुझी नखं वाचतील.’

मंगळवारी मी पोळ्या करत होते. हॉलमधून काकूंची हाक आली. जाऊन बघते तर टीव्हीवर तीच बाई, केवढी तरी मोठी.

‘अगं, हा तू काढलायस! काल ग्रुपवर टाकला, सगळे वेडे झालेत. मंडळाच्या प्रदर्शनात हाच मोठा करून लावायचा.’

पुसलेला फोटो परत आला कुठून? काकूंच्या कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात, हे मला नंतर कळलं. एक बिघडलं तरी काही हरवू नये, म्हणून प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरतो. जन्मभर प्रयोगशाळेत काम केलेल्या बाईची सवय. मी पुसला तो एकावरचा.

पण तेव्हा मी लगेच बोलले नाही. मला आनंद झाला होता. शाळेत माझी वही कुणी वर धरून दाखवली नव्हती आणि इथं काकू शिकलेल्या माणसांनी केलेलं माझं कौतुक वाचून दाखवत होत्या. मी उभी राहून ऐकत होते. अजून एक वाचतील, मग सांगू, असंही मनात आलं. तेवढ्यात त्यांनी वाचलं, ‘बाई आमच्या बेळगावकडच्या दिसतात.’

आत तव्यावरची पोळी करपली. मी रडत सगळं सांगितलं.

‘आधी नाही का सांगायचंस गं!’ काकू म्हणाल्या. मग टीव्ही बंद करत, ‘न विचारता काढ, हे मीच शिकवलं तुला.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो काढून टाकला, सगळ्यांना पुसायला सांगितलं. ‘पुसला’, ‘पुसला’ अशी उत्तरं आली. बेळगावच्या गृहस्थांनी लिहिलं, ‘मी गावी भावाला पाठवला होता. त्यानं पुढं कुणाला पाठवला, विचारतो.’

पुढच्या रविवारी कॅमेरा घरी ठेवून आम्ही दोघी तिच्याकडे गेलो. मीच सांगते, असं मी काकूंना म्हटलं होतं. फोटो बेळगावला गेला हे सांगितलं, पण दोन कार्डांचं मला धड सांगता येईना. तिला ते ऐकायचंही नव्हतं.

‘म्हणजे तिकडं पोचला.’

‘पोचला असेल. माझं चुकलं, अक्का.’

ती सोलत राहिली. काकू काही बोलायला गेल्या, तर तिनं मान हलवली. मग पदरानं कपाळ पुसून मला म्हणाली, ‘दुसऱ्यानं सांगायच्या आधी मीच सांगते पोरीला. माझे हात चिकट हाईत. तू लाव.’

मी तिच्या फोनवरून मुलीचा नंबर लावला आणि फोन तिच्या कानाशी धरला.

‘आई? एवढ्या सकाळी?’

‘काय नाही गं,’ ती म्हणाली. बोटांतली पाकळी तिनं सोलून पुरी केली. ‘ते मेसचं खोटं हाय. मी लसूण सोलते हॉटेलात.’

पलीकडून काहीच आवाज येईना. तिनं माझ्याकडे न बघता हनुवटी उचलली.

‘स्वल्प वर धर गं. ऐकू येईना.’